घरच्या झाडाची लाकडी जमीन: कोल्हापूर परिसरातले वारंवार विचारले जाणारे प्रश्न

राधानगरी, भुदरगड, शाहूवाडी, गगनबावडा, आजरा, चंदगड या पट्ट्यात बांधावर नाहीतर परसात साग, फणस, जांभूळ, ऐन उभे असलेली घरं अजून पुष्कळ आहेत. त्यातलं एखादं झाड पडलं की ते वखारीला जातं, नाहीतर चुलीला. त्याच झाडातून घरात पिढ्यान्‌पिढ्या चालता येईल अशी जमीन होते. हे काम मी माझ्या घरात केलं आहे आणि नात्यागोत्यात, मित्रांकडेही हाताखाली उभा राहिलो आहे. तेव्हापासून लोक जे विचारतात ते इथे एकत्र केलं आहे.

आधीच एक सांगतो. यंत्रं कुठली, मेस्त्री कोण, पॉलिश कुठलं, हे सगळं नंतरचं. आपल्याकडे चार महिने हवा पाण्याने भरलेली असते आणि एप्रिलच्या दुपारी तीच हवा ओठ फोडते. लाकूड या दोन्ही टोकांच्या मधोमध आणून बसवलं तर जमीन टिकते. खालची निम्मी उत्तरं याच एका गोष्टीकडे वळतील.

आमच्याच बांधावरचं झाड आहे. पाडायला परवानगी कशाला?

झाड तुमचं असलं तरी लागते. ग्रामीण भागात महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम, १९६४ लागू आहे. त्याच्या अनुसूचीत साग, आंबा, फणस, जांभूळ, चिंच, हिरडा, मोह, खैर, चंदन, बिबला, हळदू, तिवस, ऐन, किंजळ, अंजन ही झाडं आहेत, म्हणजे आपल्याला हवी असलेली जवळजवळ सगळीच. कोल्हापूर शहरात १९७५ चा नागरी क्षेत्रांसाठीचा झाडं जतन करण्याचा कायदा आहे आणि अर्ज महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाकडे जातो. गावाकडे वनविभागाच्या तालुक्याच्या कार्यालयात सातबारा घेऊन जा आणि वाहतूक परवान्याचंही त्याच फेरीत विचारा. ओंडका ट्रॉलीतून सॉ मिलला न्यायचा म्हटलं तरी रस्त्यात कागद मागतात.

वादळात उन्मळून पडलेल्या झाडाला परवानगी लागत नाही असं समजून करवत लावू नका. आधी कळवा, पंचनामा होऊ द्या, फोटो काढून ठेवा. सॉ मिल चालवायला वनविभागाचा परवाना लागतो. म्हणून घरी स्वतःचं चिरायचं यंत्र बसवायचा विचार असेल तर त्याच कार्यालयात लेखी विचारून मगच पैसे घाला.

कुठल्या झाडाची जमीन चांगली होते?

साग पहिला, यात वाद नाही. तो कठीणपणात मध्यमच आहे, पण कमी हलतो. ओल्यापासून पूर्ण सुकेपर्यंत वाढीच्या वलयांच्या दिशेने तो साधारण ५.८ टक्के आक्रसतो आणि गाभ्याकडून सालीकडे अडीच टक्के. इतकं कमी आक्रसणारी लाकडं आपल्या रानात थोडी आहेत. मात्र बांधावरच्या तरण्या सागात पांढरं लाकूड, म्हणजे सालीलगतचा फिका थर, भरपूर असतं. ते वाळवी आणि भुंगेरा दोघांनाही आवडतं. ते काढून टाकलं की हातात किती उरतं ते बघूनच हिशोब करा.

फणसाबद्दल मला विशेष बोलायचं आहे, कारण लोक त्याला जमिनीसाठी मोजतच नाहीत. ताजा चिरला की हळदीसारखा पिवळा दिसतो आणि उजेडात हळूहळू मधाळ तपकिरी होतो. गाभ्याला वाळवी सहसा लागत नाही, रंधा चांगला बसतो, सुकताना फार छळत नाही. घरातल्या खोल्यांना तो पुरेसा कठीण आहे. दारात जुना फणस पडला असेल तर त्याची खांडं करून विकू नका, एवढी विनंती.

ऐन आणि किंजळ जड, कठीण, आयुष्याला पुरणारी लाकडं. आपल्याकडच्या जुन्या घरांच्या तुळया आणि कड्या यांच्याच असायच्या. पण सुकताना अंगावर बारीक चिरा पाडतात आणि घाई अजिबात सहन करत नाहीत. सावलीत, कमी वाऱ्यात सुकवायची तयारी असेल तरच हात घाला. जांभूळ पाण्याला दाद देत नाही, म्हणून विहिरीच्या कामात वापरायचे. सुकताना मात्र पिळवटतो. त्याच्या फळ्या अरुंद ठेवा, तीन इंचाच्या आतच.

बाभूळ दगडासारखी. बैलगाडीची चाकं आणि औतं तिचीच व्हायची. लांब सरळ फळी मिळणं कठीण, पण दीड-दोन फुटांचे तुकडे काढून तिरप्या जोडणीची नक्षी घातली तर सुंदर जमीन होते. आंबा ओला असताना निळा-काळा डाग धरतो, भुंगेऱ्याला बळी पडतो. वरच्या मजल्यावरच्या झोपायच्या खोलीला, तेही औषध दिल्यावर, चालेल. सिल्व्हर ओकला खुर्चीच्या पायाचे वळ पडतात. निलगिरीत ताण भरलेला असतो, चिरता चिरताच फळी वाकते. शिसव मिळाली तर तिचं फर्निचर करा, पायाखाली घालू नका. हे माझं मत.

एका खोलीला किती लाकूड लागेल?

१० बाय १० ची खोली धरू, म्हणजे १०० चौरस फूट. तयार फळी सहा सूत जाड (एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग). ती मिळायला ओली फळी दहा सूत चिरावी लागते, कारण सुकताना काही जातं आणि दोन्ही अंगांनी रंधा मारताना काही जातं. दहा सुताने १०० चौरस फुटांना साडेदहा घनफूट होतात. गाठी, फुटलेली टोकं, वाकड्या कडा आणि जिभेत (फळीच्या कडेचा जो भाग शेजारच्या फळीच्या खाचेत बसतो त्यात) जाणारी रुंदी यांसाठी त्यावर पाव ते तीस टक्के धरा, म्हणजे तेरा-चौदा घनफूट चिरलेलं लाकूड. ओंडक्यातून चिरलेलं लाकूड निम्म्याच्या थोडं वर मिळतं. तेव्हा ओंडका पंचवीस घनफुटांचा हवा.

वखारीत मापताना गोलाईचा चौथा भाग काढतात, त्याचा वर्ग करून लांबीने गुणतात. पाच फूट गोलाईचा, दहा फूट लांब ओंडका या हिशोबाने साडेपंधरा घनफूट भरतो. प्रत्यक्षात त्यात वीस घनफुटांच्या आसपास लाकूड असतं, कारण हे माप खऱ्या आकारमानाच्या ७८-७९ टक्केच दाखवतं. म्हणजे १०० चौरस फुटांना असा सव्वा ते दीड ओंडका. पांढरं लाकूड जास्त असेल तर दोन धरा.

झाड कधी पाडावं?

दिवाळी झाल्यावर, संक्रांतीच्या आत. तेव्हा पाऊस संपलेला असतो, ऊन अजून चढलेलं नसतं, आणि लाकडाला सुकायला पुढे पाच-सहा कोरडे महिने मिळतात. पाडल्यावर ओंडका पडून ठेवू नका. आंबा आणि फणस यांना तर आठवड्याभरात बुरशी आणि किडे शिवतात. पाडलं त्याच दिवशी दोन्ही कापलेल्या टोकांना जाड ऑइल पेंट नाहीतर वितळलेलं मेण फासा. टोकातून पाणी अंगापेक्षा कितीतरी पटीने लवकर जातं आणि तिथूनच फूट पडते. घरात उरलेल्या जुन्या रंगाचा डबा या कामाला उत्तम.

घरी चिरावं की सॉ मिलला न्यावं?

रस्ता जवळ असेल आणि ओंडका ट्रॉलीत चढत असेल तर सॉ मिल. पट्ट्याची करवत दोन-तीन मिलिमीटर लाकूड खाते. चेनसॉला चौकट लावून घरी चिरलं तर प्रत्येक कापाला सात ते नऊ मिलिमीटर भुसा होतो, म्हणजे साधारण चार कापांत एक फळी गेली. पण ओंडका ओढ्यापलीकडे पडलेला असेल, वाट बैलगाडीचीही नसेल, तर जागेवर चेनसॉ हाच मार्ग. चेनसॉला उभा चिरायची वेगळी धार लावून घ्या. आडव्या कापाच्या धारेने उभं चिरताना यंत्रही तापतं आणि माणूसही. काम करताना कानाला आवाजरोधक, डोळ्याला चष्मा आणि पायात जाड बूट हवेतच. त्याशिवाय सुरू करू नका.

बांधावरच्या झाडात कुंपणाची तार, खिळे, कधी झोपाळ्याची कडी गिळलेली असते. सालीवर फुगवटा किंवा काळसर निळा डाग दिसला तर तिथे लोखंड आहे असं धरा. हातात धरायचा मेटल डिटेक्टर फिरवून घ्या. सॉ मिलवाल्यालाही आधी सांगा. त्याचं पातं गेलं तर पुढच्या वेळी तो तुमचा ओंडका उतरवून घेणार नाही.

फळी कशी काढायची, म्हणजे नक्की कुठल्या बाजूने?

ओंडका सरळ एकामागून एक काप घेत चिरला की मधल्या दोन-तीन फळ्यांत वलयं टोकाकडून उभी दिसतात आणि कडेच्या फळ्यांत आडवी, कमानीसारखी. उभ्या वलयांची फळी निम्म्याहून कमी हलते आणि सहसा वाटीसारखी खोल होत नाही. म्हणून ओंडका मोठा असेल, साडेचार-पाच फुटांवर गोलाई, तर आधी चार फाका करा आणि प्रत्येक फाकेतून आलटून पालटून दोन्ही अंगांनी फळ्या घ्या. लाकूड थोडं वाया जातं, मेस्त्री कुरकुरतात. तरी मी हाच सल्ला देईन. लहान ओंडक्यात हे जमत नाही. तिथे फळ्या अरुंद ठेवा आणि मधला गाभ्याचा ठिपका असलेली फळी जमिनीला वापरू नका, ती हमखास फुटते.

सुकवायचं कसं?

इथे सगळी जमीन ठरते, म्हणून सावकाश वाचा.

जागा पत्र्याच्या शेडखाली, दोन्ही बाजूंनी उघडी, पश्चिमेचं ऊन न लागणारी. खाली वाळवीचं वारूळ नाही ना ते बघा. विटांचे किंवा दगडांचे ठोकळे मांडून जमिनीपासून दीड फूट उंची घ्या, पावसात शिंतोडे उडतात ते तिथवर येत नाहीत. ठोकळ्यांची वरची अंगं पाणसळीने एका पातळीत आणा. थप्पी वाकडी तर फळी वाकडी, आणि ती पुढे रंध्याने सरळ होत नाही.

फळ्यांच्या दर थरामध्ये एक इंच चौकोनी सुक्या पट्ट्या घाला, दीड फुटाच्या अंतराने, आणि वरच्या-खालच्या पट्ट्या एका उभ्या रेषेत येतील अशा. शेवटच्या पट्ट्या फळीच्या अगदी टोकाशी. ओल्या पट्ट्या वापरल्या तर फळीवर कायमचे डाग उठतात. थरातल्या फळ्यांमध्ये अंगठा जाईल एवढी फट. सगळ्यात वर टाकाऊ फळ्या आणि त्यावर दगड, भरपूर दगड. वरचे दोन थर वजनाशिवाय सुकले तर ते फेकावेच लागतात.

पहिले तीन-चार आठवडे सगळ्यात जपायचे. ऐन, जांभूळ, बाभूळ असेल तर थप्पीच्या वाऱ्याकडच्या बाजूला गोणपाट लावा. वरचं लाकूड आतल्याच्या आधी सुकलं की अंगावर चिरा पडतात. साग आणि फणस यांना एवढं लाडवावं लागत नाही.

एक इंचाला एक वर्ष असा जुना हिशोब आहे. आपल्याकडे तो महिन्यांवर नाही, ऋतूंवर मोजावा. डिसेंबरात चिरलेला दहा सुताचा साग मेअखेर बराच खाली येतो. मग पाऊस लागतो. जुलैत गगनबावड्याकडे उघड्या शेडमधलं लाकूड हवेतलं पाणी परत ओढतं आणि त्यातला ओलावा, म्हणजे कोरड्या लाकडाच्या वजनाच्या मानाने पाणी, १८-२० टक्क्यांवरही जातो. यात बिघडलं असं काही नाही. त्या पावसातून बाहेर पडून पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा सुकलेलं लाकूड नंतर कमी त्रास देतं, आणि ज्या फळ्या वाकायच्या त्या तोवर वाकून दाखवतात. त्यांना तिथेच बाजूला काढता येतं. म्हणून साग-फणसाला मी एक पावसाळा आणि त्याच्या पुढचामागचा उन्हाळा धरतो, ऐन-जांभळाला दोन पावसाळे. घर बांधायला काढलं असेल तर झाड पाया खोदायच्या आधी चिरून ठेवा. वेळ जुळवायचा तो हाच एक उपाय.

लाकूड सुकलं हे कसं कळतं?

वाजवून, हुंगून किंवा वजन करून अंदाज येतो, खात्री येत नाही. दोन खिळ्यांचा साधा मॉइश्चर मीटर घ्या. एवढ्या कामात तो सगळ्यात कमी खर्चाचा आणि सगळ्यात उपयोगाचा. फळीच्या टोकाला लावू नका. मधून एखादी फळी कापून ताज्या कापावर, आतल्या भागात टोचा.

मीटर नसेल तर फळीच्या मधून एक इंच रुंद तुकडा कापा, लगेच काट्यावर वजन करा. मग १०३ अंशांच्या आसपास ओव्हनमध्ये, वजन उतरायचं थांबेपर्यंत सुकवा. समजा आधी २३६ ग्रॅम होता, नंतर २१० झाला. फरक २६, भागिले २१०, म्हणजे १२.४ टक्के. ही पद्धत मीटरपेक्षाही बिनचूक.

किती टक्क्यांवर बसवायचं?

अकरा-बाराच्या आसपास. कारण सांगतो. घरात राहणाऱ्या माणसांच्या खोलीत, पावसाळ्यात लाकूड चौदा-पंधरा टक्क्यांवर जाऊन थांबतं आणि कडक उन्हाळ्यात सात-आठवर येतं. मधला आकडा हा. लाकडातल्या ओलाव्याचं देशाच्या हवेनुसार मार्गदर्शन आयएस २८७ या भारतीय मानकात आहे, ज्यांना खोलात जायचंय त्यांनी ते जरूर बघावं.

पण दोन-तीन टक्क्यांनी एवढं काय बिघडतं?

आडव्या वलयांची सागाची चार इंची फळी घ्या. दर एक टक्का ओलाव्याला ती ०.२ टक्के हलते. नऊवरून चौदावर गेली, म्हणजे पाच टक्के, तर एक टक्का रुंदी वाढली. १०० मिलिमीटरच्या फळीला एक मिलिमीटर. १० फुटी खोलीत अशा तीस फळ्या, म्हणजे तीस मिलिमीटर, एक इंचाहून जास्त! हाच साग जागा सोडणार नाही. भिंतीला ढकलेल, नाहीतर मधून उचलला जाईल. उभ्या वलयांची फळी असेल तर हाच आकडा तेराच्या आसपास येतो. आता कळेल की फाका करून चिरायचा आग्रह मी का धरतो.

मग कोल्हापुरात कुठल्या महिन्यात बसवावी?

नोव्हेंबर ते फेब्रुवारी. मे महिन्यात घट्ट बसवलेली जमीन जुलैत फुगते. ऑगस्टमध्ये घट्ट बसवलेली एप्रिलमध्ये दर सांध्याला फट दाखवते. लग्न किंवा वास्तुशांतीची तारीख उन्हाळ्यातली असेल आणि थांबणं शक्य नसेल, तर दर दोन फळ्यांमध्ये जाड लग्नपत्रिकेचा कागद धरून तेवढी फट सोडत चला. पावसाळ्यात शक्यतो बसवूच नका.

कुठल्याही महिन्यात तयार फळ्या त्याच खोलीत पंधरा दिवस पट्ट्या घालून ठेवा, खिडक्या रोज जशा उघडता तशा उघडत. खोलीचं गिलावा, फरशी, पुट्टी हे पाण्याचं काम त्याआधी संपून वाळलेलं हवं.

भट्टीत सुकवून आणलं तर वाट बघावी लागणार नाही ना?

बरोबर, आणि कोणाकडे तशी सोय असेल तर घ्या. दोन गोष्टी लक्षात ठेवा. एक, हवेत पंचवीस टक्क्यांपर्यंत आणून मग भट्टीत घातलेलं लाकूड कमी फुटतं. दोन, भट्टीतून आठ टक्क्यांवर आलेलं लाकूड थेट बसवलं तर ते मे महिन्यात बसवल्यासारखंच झालं. त्यालाही खोलीत मुरू द्या. शेतावर जागा असेल तर लाकडी सांगाडा, दक्षिणेकडे उतरतं पारदर्शक छप्पर आणि एक-दोन पंखे एवढ्यात उन्हावरची भट्टी होते. ऑक्टोबर ते मे ती छान चालते.

वाळवी आणि भुंगेरा?

पांढरं लाकूड काढणं हा पहिला उपाय. भुंगेरा त्यातल्या पिठूळ अंशावर जगतो, बारीक भोकातून मैद्यासारखी पूड पडते ती त्याची. जुने लोक ओंडका महिनोन्‌महिने ओढ्यात किंवा डबक्यात बुडवून ठेवत, त्यानेही तो अंश कमी होतो. आज सोपं म्हणजे एक भाग बोरिक ॲसिड आणि दीड भाग टाकणखार (बोरॅक्स). दहा लिटर कोमट पाण्यात दोन्ही मिळून अर्धा किलो. फळ्या चिरल्यावर ओल्या असतानाच बुडवा किंवा भरपूर फवारा, मग आठवडाभर प्लॅस्टिकखाली झाकून ठेवा म्हणजे औषध आत मुरतं. त्यानंतरच पट्ट्यांवर रचा. हे औषध पाण्याने धुपून जातं, म्हणून थप्पी पावसात भिजू देऊ नका. मिसळताना हातमोजे घाला, मुलांपासून दूर ठेवा.

जीभ आणि खाच घरी काढता येते?

येते. क्रम महत्त्वाचा. आधी एक अंग सपाट, मग एक कड त्याला गुण्यात सरळ, मग जाडी, शेवटी दुसरी कड समांतर. क्रम उलटा केला तर जीभ खाचेत जाते पण पृष्ठभाग चढ-उतार राहतो.

साध्या राऊटर टेबलवर (फिरत्या कटरने खाच पाडायच्या यंत्रावर) मला सुटी जीभ जास्त पटते. दोन्ही कडांना सारखी खाच काढायची आणि जोडताना मध्ये दोन सुताची पट्टी घालायची. फळीची रुंदी वाया जात नाही, कटर एकच लागतो. खाच फळीच्या मध्यापेक्षा थोडी खाली घ्या, म्हणजे वर घासायला लाकूड जास्त उरतं. खालची कड वरच्यापेक्षा केसभर आत ठेवली की वरचा सांधा घट्ट मिटतो. पाठीला दोन उथळ खाचा मारा, फळी वाटीसारखी वळायला कमी धजते.

कटरला धार लावायची किंवा हवा तसा कटर करून घ्यायचा तर शिवाजी उद्यमनगरात जा. नमुन्याचा लाकडी तुकडा सोबत न्या, तोंडी वर्णनापेक्षा तो बरा. या शहरात लोखंडाचं जे मागाल ते करून देणारे हात आहेत, ही आपली मोठी सोय आहे.

भुशाबद्दल गंभीर व्हा. कठीण लाकडाचा बारीक भुसा वर्षानुवर्षं श्वासात गेल्याने नाकाचा कर्करोग होतो हे सिद्ध झालेलं आहे. चांगला मास्क लावा, रुमाल बांधून भागत नाही. शिसव आणि सागाच्या भुशाने काहींच्या अंगाला खाज आणि पुरळही येतं.

तळमजल्यावर लाकडी जमीन घालावी का?

नदीकाठच्या भागात नाही. २०१९ आणि २०२१ साली पंचगंगेची पातळी राजाराम बंधाऱ्यावर ५५ फुटांच्या वर गेली होती, धोका पातळी ४३ आहे. ज्या घरात तेव्हा पाणी आलं तिथे खाली लाकूड घालू नये, वरच्या मजल्यावर घालावं.

बाकी ठिकाणी तपासून. दोन फूट चौरस जाड प्लॅस्टिक चारी कडांनी चिकटपट्टीने बंद करून जमिनीवर दोन दिवस ठेवा. खाली दव धरलं किंवा फरशी काळवंडली तर जमीन ओल ओढते आहे. ही चाचणी ऑगस्टमध्ये करा, मार्चमधली कोरडी चाचणी फसवते. शाहाबादी फरशीखाली ओल असलेली जुनी घरं पेठांमध्ये बरीच आहेत. तिथे आधी ओलीचा बंदोबस्त, मग लाकूड.

आमचं कडीपाटाचं जुनं घर आहे. माडीवर करता येईल?

आनंदाने करा, हे काम तिथेच सगळ्यात शोभतं. वरची मातीची भर काढायची तर थोडी थोडी आणि सगळीकडून सारखी काढा, एका बाजूला ढीग करू नका. मग कड्या तपासा. भिंतीत घुसलेली टोकं पटाशीने टोचून बघा, कुजतात ती तिथेच. दोन कड्यांमधलं अंतर सोळा इंचांच्या आत असेल तर सहा सुताची जीभ-खाचेची फळी थेट कड्यांवर, आडवी बसवता येते. अंतर जास्त असेल तर मध्ये कडी वाढवा किंवा खाली प्लाय घाला. तुळई वाकलेली दिसली तर आधी जाणकार इंजिनिअरला दाखवा.

स्लॅबवर कशी बसवायची?

नवा स्लॅब वाळायला इंचामागे महिना धरा. त्यावर जाड प्लॅस्टिक, सांधे सहा इंच एकमेकांवर चढवून. त्यावर दोन बाय दीड इंचाच्या सुक्या रिपा एक फुटावर, किंवा पाण्याला टिकणारा प्लाय. सहा फुटी सरळ पट्टी फिरवून बघा, खाली एक सुतापेक्षा जास्त फट राहता कामा नये.

पहिली ओळ लांब भिंतीला धरून, पण भिंतीच्या भरवशावर नाही, ताणलेल्या दोरीवर. जुन्या भिंती सरळ नसतात. भिंतीपासून अर्धा ते पाऊण इंच सोडा, ती फट स्कर्टिंगखाली जाते. खिळा जिभेच्या मुळाशी तिरपा, आठ-दहा इंचांवर. ऐन, बाभळीला आधी छिद्र पाडा, नाहीतर जीभ फाटते. शेजारच्या ओळींचे टोकाचे सांधे सहा इंचांहून जवळ आणू नका. रुंद फळ्या सबंध गोंदाने चिकटवू नका, त्यांना हलायला जागा हवी.

पॉलिश कुठलं?

लाखेचं पॉलिश जमिनीवर घालू नका, पाण्याचा ग्लास ठेवला तरी पांढरं वळं उठतं. रोजच्या वापराला पीयू (पॉलियुरेथेन) चांगलं. तेल-मेणाचा लेप मला अधिक आवडतो, कारण ओरखडा पडला तर तेवढाच भाग घरी दुरुस्त होतो. साग तेलकट आहे, पीयूआधी थिनरने पुसून लगेच हात द्या. घासताना ६०, ८०, मग १२० चा कागद, मधला टप्पा गाळू नका. जवसाचं तेल वापरलं तर त्याने भिजलेल्या चिंध्या बोळा करून टाकू नका, त्या आपोआप पेटतात. पाण्यात बुडवा नाहीतर दोरीवर एकेक पसरून वाळवा.

रोज पुसायचं कसं?

घट्ट पिळलेल्या फडक्याने. बादलीभर पाणी आणि फिनेल नको.

झाड नाही, पण जुन्या वाड्याच्या तुळया मिळतायत. त्या चिरून चालेल?

फार चांगलं. घरं पाडताना निघालेलं जुनं सागवान कोल्हापुरात टिंबर मार्केटच्या बाजूला आणि पाडकाम करणाऱ्यांकडे मिळतं. अनेक दशकं घरात राहिलेलं ते लाकूड शांत झालेलं असतं. खिळे मात्र सगळे काढा, आणि मोठी तुळई आतून अजून वेगळ्या ओलाव्याची असू शकते, म्हणून चिरल्यावर महिना-दोन महिने पट्ट्यांवर ठेवाच. घेताना बिल किंवा पाडकामाचा कागद मागून घ्या.

पहिल्या उन्हाळ्यात सांध्यांना बारीक फटी दिसल्या. लांबी (पुट्टी) भरू का?

भरू नका. अर्ध्या मिलिमीटरची फट एप्रिलमध्ये दिसणारच, मृगाच्या सरी आल्या की ती मिटते. त्यात लांबी भरली तर पावसाळ्यात फुगायला जागा उरत नाही आणि कडा चेपतात. एक पूर्ण वर्ष जाऊ द्या. वर्षानंतरही भर पावसात एखादी फट उघडीच राहिली, तर त्याच लाकडाची बारीक पट्टी एका कडेला गोंद लावून बसवा, दुसरी कड मोकळी ठेवा. त्यासाठी उरलेल्या फळ्यांतल्या चार-सहा माळ्यावर जपून ठेवा.